आईला बाहेर का बसवता?

सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी असलेल्या मैत्री क्लिनिकमध्ये येणाऱ्या पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. कुणी तोंडावर विचारतं, कुणी नुसतं रोखून बघतं. ‘आमचंच लेकरू, आमच्यापासून लपवण्यासारखं काय असतं एवढं?’ त्याचं उत्तर म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीतला. ‘सारखा थकतो, धड जेवत नाही, पुस्तक उघडलं की डोकं धरतो’ म्हणून आई त्याला ग्रामीण रुग्णालयात घेऊन आली. खासगीत टॉनिकच्या बाटल्या झाल्या होत्या, सोनोग्राफीही झाली होती. ओपीडीतल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट येईपर्यंत दोघांना माझ्याकडे, समुपदेशकाकडे पाठवलं.

मी आधी दोघांसमोर नियम सांगते. मुलगा बोलेल ते माझ्याजवळ राहील. पण जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार त्याच्या मनात असेल, किंवा कुणी त्याला त्रास देत असेल, तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मला ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे ऐकल्यावर बरेच पालक निवळतात. ही आई निवळली नाही. ‘बरं’ म्हणून उठली, पण बाहेर जाऊन दाराला लागून असलेल्या खुर्चीवरच बसली.

मुलगे बाईसमोर बोलत नाहीत, असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. बोलतात, फक्त त्यांच्या डोळ्यांत बघत विचारायचं नाही. मी त्याची उंची, वजन कार्डावर लिहीत होते. खाली मान घालूनच म्हटलं, ‘या वयात मुलांना झोपेत काही होतं, त्याची भीती वाटते. तुला वाटते का?’ बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, माझी धातू जाते.’ धातू म्हणजे वीर्य.

मग सगळं बाहेर आलं. रक्ताच्या शंभर थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, असं मित्रांनी सांगितलेलं. बसस्टँडच्या भिंतीवरचा नंबर बघून खाऊच्या पैशांतून मागवलेलं चूर्ण दप्तरात. रात्री झोप लागू नये म्हणून जागायचं, आणि दिवसभर वर्गात पेंगायचं.

नेमका तेव्हाच रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 10.8. पंधरा वर्षांच्या मुलग्याला ते 13 च्या पुढे हवं. त्याचा चेहराच उतरला. ‘बघा, म्हणजे रक्त गेलंच ना?’

त्याचा समज आता कागदावरच सिद्ध झाला होता. अशा वेळी ‘घाबरू नको, नॉर्मल आहे’ एवढं म्हणून भागत नाही. मी त्याला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019-21 चे आकडे सांगितले. देशात 15 ते 19 वयोगटात रक्तक्षय असलेल्या मुली 59.1 टक्के, मुलगे 31.1 टक्के. वीर्य गेल्याने रक्त कमी होत असतं तर मुलींना हा त्रास झालाच नसता. तो पहिल्यांदा हसला. वीर्य वेगळ्या ग्रंथींत तयार होतं, साठलं की झोपेत बाहेर पडतं, त्याने अशक्तपणा येत नाही, हे त्यानंतर त्याच्या कानात शिरलं. रक्त कमी होण्याची कारणं वेगळी शोधायची. उंची झपाट्याने वाढते तेव्हा लोह जास्त लागतं. हा सकाळी फक्त चहा-बिस्किटावर शाळेत जात होता. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, ‘ती पोरींची असते’ म्हणून, खिडकीतून बाहेर. जंताची गोळीही त्याच वाटेने गेलेली. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि गोळी अशी खिडकीतून जाते. मुलग्यांना ती का द्यायची हे वर्गात कुणी समजावून सांगत नाही, असं माझं मत.

‘आईला यातलं काय सांगू?’ मी विचारलं. रक्ताचं सांगा म्हणाला, बाकीचं नको. चूर्ण मात्र डॉक्टरांना दाखवायचंच, यावर मी अडून बसले. पुडीवर आत काय आहे याचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी ते बंद करून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. जेवणानंतर घ्यायच्या, सोबत लिंबू चालेल, लगेच चहा नको. शौचाला काळी होईल, त्याने घाबरायचं नाही, हेही सांगितलं.

आईला मी रक्ताचं सगळं समजावलं आणि एवढंच म्हटलं, ‘आणखी एक काळजी होती त्याला. वयाची आहे, आजाराची नाही. तो सांगेल तेव्हा ऐकून घ्या, खोदू नका.’ ती म्हणाली, ‘म्हणजे तुम्हाला कळलं आणि मला नाही.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिला कळेल असं वाटलं असतं तर तो माझ्याशीही बोलला नसता, आणि टॉनिकची पुढची बाटली आली असती.

पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन 12 च्या वर गेलं होतं, गोळ्या अजून चालू आहेत. मुलगा रात्री झोपतो. मी तिला सगळं सांगायला हवं होतं असं आईला अजून वाटतं, आणि भेटली की ती ते बोलून दाखवते. तरी परवा धाकट्या मुलीची पाळी अनियमित आहे म्हणून तिला घेऊन आली.