वाचकांचे प्रश्न : सोयाबीन आणि उतारवयातील हाडे

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. मागील महिन्यात ओट्याजवळ पाय घसरून त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. नात्यातील एकीने सांगितले की सोयाबीनमुळे हाडे भक्कम होतात, म्हणून ते पिठात दळून द्यावे किंवा सोयाच्या गोळ्या आणाव्यात. शेजारच्या काकू मात्र म्हणतात की त्याने स्तनाचा कर्करोग होतो. सासूबाई थायरॉईडची गोळीही घेतात. काय करावे? – एक सून

उत्तर : सोयाबीन जरूर द्या, मात्र ते हाडांचे औषध आहे असे समजून देऊ नका. सोयाबीनमधील जेनिस्टीन, डेडझीन यांसारख्या आयसोफ्लेव्होन द्रव्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी (हार्मोनशी) काहीशी मिळतीजुळती असल्यामुळे, पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटून हाडांची जी झीज वेगाने होते ती या द्रव्यांनी रोखता येईल, अशी आशा संशोधकांना वाटत आली. प्रत्यक्ष प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे निघाले नाहीत. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाळी जाऊन थोडीच वर्षे झालेल्या स्त्रियांना दोन वर्षे रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या देऊनही त्यांच्या हाडांची झीज थांबली नाही. म्हणून गोळ्यांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आहारातील सोयाबीनची गोष्ट वेगळी. त्यात उत्तम प्रतीची प्रथिने असतात, आणि उतारवयात भाकरी-आमटीवर भागवणाऱ्या आपल्या बायकांच्या ताटात नेमकी तीच कमी पडतात. कोरड्या २५ ग्रॅम सोयावडीतून सुमारे १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. कळण्याच्या किंवा ज्वारीच्या पिठात मिसळायचे असेल, तर सोयाबीन आधी पंधरा-वीस मिनिटे उकळून, कडकडीत वाळवून मगच चक्कीवर द्यावे, कारण कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. नऊ वाट्या धान्यास एक वाटी सोयाबीन पुरे. याहून जास्त घातले, तर थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि उग्र वासामुळे घरातील म्हातारी माणसे ती बाजूला सारतात.

कर्करोगाविषयी काकूंची काळजी मी समजू शकते, पण जेवणातील नेहमीच्या प्रमाणातील सोयाबीनने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे आढळलेले नाही. पूर्वी तो आजार होऊन गेला असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोयाच्या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन सोयाचा पदार्थ दुपारच्या जेवणात ठेवावा, कारण सोयामुळे त्या औषधाचे शोषण कमी होऊ शकते. कॅल्शियमची गोळीही तिच्यापासून चार तास लांबच बरी.

पाळी गेलेल्या स्त्रियांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत म्हटले आहे. दोन कप दुधातून साधारण चारशे ते पाचशे मिलिग्रॅम मिळते. उरलेल्यासाठी दही, ताक, पालेभाज्या आणि न सोललेल्या तिळाची चटणी आहेच. आपल्याकडे ऊन भरपूर असले तरी डोक्यावरून पदर घेऊन दिवसभर घरात वावरणाऱ्या बाईला ते लाभतेच असे नाही, तेव्हा ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी.

आता आपण न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब. उभ्या उभ्या पडून मनगट मोडणे हे हाडे ठिसूळ झाल्याचे लक्षण असू शकते, आणि आज दुर्लक्ष झाले तर पुढचे पडणे खुब्यावर बेतू शकते. प्लास्टर निघाले म्हणजे विषय संपला असे मानू नका. डॉक्टरांना विचारून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. त्यातील टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास त्याला ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) म्हणतात. त्यावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन असे सिद्ध झालेले उपचार आहेत. दरम्यान ओट्याजवळचे शेवाळ खरवडून काढा आणि रात्री मोरीकडे जाण्याच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.