मलिदा म्हणजे बेने इस्राएलांचा प्रसादच ना? आणि त्यांच्याकडे वर्षभर कार्यक्रम कोणते असतात?

कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुम्ही विचारलंय की मुंबई-पुण्याच्या आणि कोकणातल्या मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, समाजात सामाजिक, सांस्कृतिक आणि शिकण्याशिकवण्याचं काय काय चालतं. आणि जाता जाता लिहिलंय, ‘मलिदा म्हणजे त्यांचा प्रसादच ना’. नाही. आधी हे, बाकीचं नंतर.

प्रसाद देवाला दाखवतात आणि मग वाटतात. मलिद्याचं, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं, ताट कुणालाही दाखवलेलं नसतं. एलियाहू हनाबी आमचा संदेष्टा आहे, देव नव्हे. त्याचं नाव घेऊन नवस बोलतात, त्याचं पियूत, म्हणजे धार्मिक गीत, गातात, पण आभार मानायचे ते देवाचे, आणि ते खाणाऱ्याने घास तोंडात घालण्याआधी मानायचे. त्या आभाराच्या वाक्याला बेराखा म्हणतात. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून आलेल्याची वेगळी, सुवासाची वेगळी. ताटात इतक्या तऱ्हा असतात त्या एवढ्यासाठी. हे सोडून मलिद्याकडे नुसते गोड पोहे म्हणून पाहिलंत, तर प्रकल्पात पाककृती येईल, मलिदा येणार नाही.

मलिदा होतो लग्नाआधी मेंदीच्या वेळी, नवस फेडताना, नव्या घरात, परदेशी निघालेल्यासाठी. शिवाय शेवाट या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी. त्या दिवसाला जुने लोक एलियाहू हनाबीचा उरूस म्हणतात. अलिबागजवळ सागावच्या बाजूला खडकावर खुणा आहेत, त्या एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या अशी श्रद्धा आहे. त्या ठिकाणाला टापा म्हणतात. मुंबई-ठाण्याहून गाड्या करून लोक तिथे जातात, आणि इस्राएलला गेलेले इकडे आले की तेही जातात.

आता प्रमाण. माणसं पन्नास धरा. जाडे पोहे दीड किलो, मध्यम नारळ सहा, साखर पाऊण किलो, वेलची 15 ग्रॅम, अर्धं जायफळ, बदामाचे काप 200 ग्रॅम, पिस्ते 100, बेदाणे 200. पोहे आधी चाळायचे आणि पांढऱ्या कापडावर पसरून नजरेखालून घालायचे. किडा असलेलं अन्न आम्हाला कोशेर, म्हणजे धर्माने चालणारं, नाही, त्यामुळे हे काम उरकायचं नसतं. मग मोठ्या चाळणीत दोन घाण्यांत धुवायचे. भिजत घालायचे नाहीत, धुवायचे. पाणी निथळलं की झाकून वीस मिनिटं. दोन बोटांत दाबलेला पोहा मधे कडक न लागता तुटला की झालं. पातळ पोहे घेतले तर ताटापर्यंत पोचताना त्याचा लगदा होतो. दुकानात फार दिवस पडलेले पोहे जास्त पाणी पितात, म्हणून आदल्या दिवशी मूठभर धुऊन बघावेत.

नारळ प्रत्येक वेगळ्या वाटीवर फोडायचा, वास घ्यायचा, तुकडा चाखायचा, मगच खवायचा. सहावा नारळ खवट निघाला आणि तो आधीच्या पाचांच्या चवात, म्हणजे खवलेल्या खोबऱ्यात, पडला, तर सगळं गेलं. खवताना पाठीची तांबूस साल येऊ द्यायची नाही. चव कार्यक्रमाच्या तासभर आधी तयार व्हावा. सकाळी सातला खवून ठेवलेला नारळ मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतो.

सगळ्यात मोठी चूक साखरेची. पोहे, खोबरं, साखर एकदमच कालवून ठेवतात. साखर खोबऱ्याचं पाणी ओढून काढते, अर्ध्या तासात परातीच्या तळाशी पाणी साचतं आणि वरचे पोहे कोरडे राहतात. मी पोहे, खोबरं, वेलची, जायफळ आधी हलक्या हाताने एकत्र करते. साखर ताटं लावायच्या वेळी. प्रार्थना म्हणणारे हझान आले, टोप्या वाटल्या, माणसं बसायला लागली की साखर. तरी पाणी सुटलंच तर मूठभर कोरडे पातळ पोहे खालून मिसळायचे, ते पाणी पिऊन घेतात. दूध, तूप, खवा काही घालायचं नाही. मलिद्यानंतर जेवण मटण-कोंबडीचं असतं आणि मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही. काही घरांत ताटात तळलेलं काळीजही ठेवतात. काळीज मीठ लावून कोशेर होत नाही, त्यात रक्त फार. आधी चिरा पाडून उघड्या आचेवर भाजायचं, मग तळायचं. ही पायरी गाळून सरळ तेलात सोडलेलं काळीज ताटात नको.

ताट असं लागतं: मधे मलिद्याचा ढीग, वर बदाम-पिस्ते, भोवती फळं. निदान पाच तऱ्हांची. खजूर, सफरचंद, केळं, संत्रं, चिकू किंवा पेरू. बाजूला गुलाब, नाहीतर सब्जाची डहाळी. आधी सगळ्यांनी मिळून ‘एलियाहू हनाबी’, मग आशीर्वादाची वचनं, मग बेराखा. झाडाच्या फळांत खजूर पहिला, कारण तोरा या आमच्या धर्मग्रंथामध्ये त्या भूमीच्या ज्या सात जिनसा सांगितल्यात त्यांत तो आहे, सफरचंद नाही. ‘बोरे पेरी हाएत्स’ म्हणून खजूर. ‘बोरे पेरी हाअदामा’ म्हणून केळं. इथे प्रत्येक मूल विचारतं की केळ झाड नाही का. नाही. केळीचा घड निघाला की तो खांब जातो आणि नवा कोंब जमिनीतून येतो. वर्षानुवर्षं उभं राहणारं खोड नाही, म्हणून तिचं फळ जमिनीचं. गुलाब झुडपाचा, त्याची बेराखा ‘अत्से बेसामिम’. सब्जा पाल्याचा, त्याची ‘इस्बे बेसामिम’. बेराखा आणि घास यांच्यामध्ये बोलायचं नाही, फक्त ‘आमेन’. इथेच गडबड होते. खजुराची बी काढायला, संत्रं सोलायला लोक थांबतात आणि गप्पा सुरू होतात. म्हणून खजूर बिया काढून अर्धे केलेले, संत्र्याच्या फोडी सुट्या, सफरचंद मिठाच्या पाण्यातून काढलेलं, केळी मात्र सगळ्यात शेवटी चिरलेली. हातात तुकडा आधी, बेराखा नंतर.

शिकवण्याबद्दल विचारलंत, तर माझ्या मते समाजाकडे यापेक्षा चांगला वर्ग नाही. फळ्यावर आलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, काढून आठवड्याला पाऊण तास शिकलेलं मूल सुट्टीनंतर विसरतं. ताट लावायला बसवलेलं मूल केळ्याची बेराखा विसरत नाही. एका वेळी एकच तऱ्हा द्यावी, सहा-सात वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं, आणि त्याच बेराखेचे हिब्रू शब्द मोठ्या अक्षरात शेजारी ठेवावेत. देवनागरीतला कागद आजी-आजोबांना गायला ठीक. मुलांना त्यावर वाढवू नये. देवनागरीत ‘हे’ आणि ‘हेथ’ ही हिब्रू अक्षरं दोन्ही ‘ह’ होतात, आलेफ आणि आयिन दोन्ही ‘अ’. मूल गातं छान, वाचायला दिलं की अडकतं.

आणि तो वाद, जो दर वर्षी कुणीतरी उकरून काढतं: ‘हनाबी’ चूक, ‘हनावी’ बरोबर. इस्राएलमध्ये आज ‘हनावी’ म्हणतात हे खरं. म्हणून आमचं ‘हनाबी’ चूक होत नाही. बेथ या हिब्रू अक्षराच्या आत ठिपका असो वा नसो, ‘ब’ म्हणायची रीत बगदादी ज्यूंचीही आहे. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचं, म्हणजे प्रार्थनाघराचं, नाव मागेन आबोथ आहे, ‘आवोत’ नाही. पुण्याचं सुक्काथ शेलोमो आहे, ‘सुक्कात’ नाही. ज्यांना उच्चार सुधारायचा आहे त्यांनी आधी या पाट्या बदलून दाखवाव्यात. मुलांना दोन्ही सांगा, इस्राएलच्या विमानतळावर उतरल्यावर ‘वी’ म्हणू देत. मलिद्याला बसल्यावर ‘बी’. ताटासमोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईचा उच्चार मधे थांबवून सुधारणं मला अजिबात मान्य नाही. ते पियूत तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आलंय.

बाकीचं थोडक्यात. शिक्षणाची धडपड जुनी आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. आता तिथे आमची मुलं जवळपास नाहीत, म्हणून हिब्रू शिकवणं सिनेगॉगवर आणि घरावर आलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. स्त्री मंडळ 1913 चं. डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये ज्युईश रिलिजस युनियन सुरू केली. कीर्तन 1880 पासूनचं: अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, साकी-दिंडी, पेटी-तबला, सगळं मराठीत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, वाद्य वाजत नाही, म्हणून शनिवारी कीर्तन ठेवायचं तर आकाशात तीन तारे दिसल्यानंतर. सुक्कोथच्या सणाला मांडव घालतात, छत झावळ्यांचं. ताज्या झावळ्या आठ दिवसांत सुकून आकसतात आणि उन्हापेक्षा सावली जास्त हवी हा नियम मोडतो, म्हणून पहिल्या दिवशी दाट घालाव्यात, पण तारे दिसतील इतपतच. पुरीमच्या सणाला मेगिल्ला, म्हणजे एस्तेरची गोष्ट, वाचतात आणि घरोघर पुरणपोळी होते. किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथ-सणाला पेल्यावर म्हणायच्या बेराखेसाठी, काळ्या मनुकांचं सरबत: पाव किलो मनुका दोनदा धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी उकळून, चुरून, गाळून. दोन दिवसांच्या वर ठेवू नये, फसफसतं.

बघायला यायचं असेल तर आधी फोन करून परवानगी घ्या. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर दारावर तपासणी असते, ओळखपत्र न्या. पुरुषांनी डोकं झाकायचं. शब्बाथला फोटो, फोन, वहीत टिपणं काही नाही, म्हणून प्रकल्पासाठी रविवार किंवा एखाद्या घरचा मलिदा बरा. घरचं काही करून आणू नका, कोशेरचा प्रश्न येतो. अख्खी, न कापलेली फळं चालतात.

एक राहिलं. वरची मापं माझी आहेत. काही घरांत साखरेऐवजी गूळ, काहींत फळं सात. गूळ असेल तर तो खोबऱ्याबरोबर आधी चुरून घ्यावा लागतो, नाहीतर खडे राहतात. आणि पाहुण्यांत कुणाला बदाम-पिस्ते चालत नसतील तर एक वाटी सुकामेवा घालायच्या आधी बाजूला काढा, ताटावर पसरल्यावर निवडता येत नाहीत.