नेट बंद असतानाही रात्रीचं अपडेट 'यशस्वी' कसं दिसतं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) 'आप्ट-गेट अपडेट' ही पॅकेजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, याद्या ताज्या करणारी आज्ञा चालते, नेट गेलं तरी स्क्रिप्टला 0, म्हणजे 'यशस्वी' असा शेवटचा कोड, मिळतो, असा तुमचा प्रश्न आहे. चूक तुमची नाही. पॅकेजच्या याद्या उतरल्या नाहीत तर आप्ट नुसता इशारा छापतं, जुन्या याद्यांवर भागवतं आणि 0 परत देतं. माझ्या मते हे घातकच आहे, कारण क्रॉनचा इशारा रात्री कोण वाचणार? नव्या आवृत्त्यांत 'एरर-ऑन' या पर्यायाला 'एनी' द्या. एक यादी अडली तरी 100, म्हणजे बिघाडाचा कोड, येईल.

लॉगसाठी पुढे पाइप (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीकडे देणारी '|' खूण) लावून 'टी' (ते आउटपुट फाइलमध्येही लिहिणारी आज्ञा) जोडलंय का तेही बघा. तसं असेल तर शेलला, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला, 'टी'चा कोड दिसतो, अपडेटचा नाही. बॅश या शेलच्या स्क्रिप्टमध्ये वर 'सेट -ओ पाइपफेल' लिहा, म्हणजे अपडेटचा बिघाड लपणार नाही.

मात्र फेडोरा-रेड हॅटवरच्या 'डीएनएफ चेक-अपडेट' या आज्ञेत 100 म्हणजे बिघाड नव्हे, नवी पॅकेजेस आली आहेत. बिघाडाला 1 येतो.

स्वतःचं टूल लिहिताना फसलेल्या पॅकेजेसची संख्या कोड म्हणून देऊ नका. लिनक्सवर कोड 255 पर्यंतच जातो, 256 चा थेट 0 होतो.