ताई, माझं दूध पुरतंय का?

या वेळच्या पत्रांमधली सात इथे घेतली आहेत. नावं काढली आहेत, लांब पत्रं आखूड केली आहेत. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी बरीच वर्षं परिचारिका होते, आता फक्त अंगावर पाजणाऱ्या मातांबरोबर काम करते. पत्रं निरनिराळ्या परिस्थितीतून आली असली तरी बहुतेकींना छळणारी शंका एकच आहे, म्हणून पहिलं उत्तर सगळ्यांत मोठं झालंय.

प्रश्न : ताई, बाळ तीन आठवड्यांचं आहे. दर दीड-दोन तासांनी मागतं, संध्याकाळी तर खाली ठेवलं की रडतं. आधी छाती दाटून यायची, आता मऊ पडली आहे. पंप लावून पाहिला, जेमतेम ३० मिली निघालं. घरात सगळे म्हणतात, तुला दूधच नाही, वरचं सुरू कर.

उत्तर : आधी तो पंप बाजूला ठेव. पंपाने किती ओढलं एवढंच पंप सांगतो, तुझ्याकडे किती आहे ते नाही. बाळ जवळ असताना पान्हा सुटतो तसा यंत्राला सुटेलच असं नाही. त्यात बाळाचं नुकतंच पिऊन झालं असेल तर ३० मिली काही कमी नव्हे. छाती मऊ पडणं हे दूध आटल्याचं लक्षण नाही. सुरुवातीला शरीर अंदाजाने जास्त दूध बनवतं, काही आठवड्यांत ते बाळाला लागेल तेवढ्यावर येतं आणि दाटलेपणा जातो. संध्याकाळी लागोपाठ पिणं या वयात नेहमीचं आहे. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणारं बाळ वेगळं काहीच करत नाही.

दूध जितकं निघतं तितकं बनतं. स्तनात साठून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो, रिकामं होत गेलं की वाढतो. म्हणून ‘आज रात्री एक बाटली देऊन बघू’ याची मला धास्ती वाटते. अंगावरचं एक पिणं टळतं, मग रोजच टळू लागतं, शरीर तेवढं दूध बनवणं कमी करतं आणि घरातले म्हणतात, ‘बघ, आम्ही सांगत होतो.’ चांगलं दूध असलेल्या कितीतरी मुलींना मी अशा रीतीने बाटलीवर गेलेलं पाहिलंय. ‘तिला दूधच नाही’ हे वाक्य तपासल्याशिवाय कुणी बोलू नये.

मग ओळखायचं कशावरून? बाळावरून. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान ६ वेळा लंगोट चांगलं भिजायला हवं, शूचा रंग फिका हवा. पहिल्या महिन्यात शी पिवळी, सैलसर आणि दिवसातून तीन-चारदा होते. वजन जन्मानंतर थोडं उतरतंच. ते १० टक्क्यांपर्यंत गेलं तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. साधारण १० ते १४ दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं आणि पुढे पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम चढतं. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात वजनाचा आकडा कुठेच नाही! उद्याच वजन करून घे, कपडे काढून, आणि पुढच्या वेळीही त्याच काट्यावर.

आता पाजताना जरा बारकाईने बघ. बाळाचं पोट तुझ्या पोटाला, नाक बोंडासमोर. तोंड जांभई आल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांब, मग बाळाला आपल्याकडे ओढ. वाकून स्तन त्याच्या तोंडात कोंबू नकोस, पाठ धरेल आणि पकडही उथळ बसेल. हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला. बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसायला हवा, खाली कमी. पान्हा सुटल्यावर भरभर चोखणं थांबून सावकाश, खोल चोखणं सुरू होतं, हनुवटी खाली गेल्यावर क्षणभर थांबते. तो थांबा म्हणजे घोट. बाळाने सोडल्यावर बोंड गोल हवं. एका बाजूने तिरकं चपटं झालेलं दिसलं तर पकड चुकते आहे, आणि अशा पकडीने बाळाला दूधही कमी मिळतं.

खरोखर कमी दूध असणाऱ्या मातासुद्धा असतात. थायरॉइडचा त्रास, स्तनांची जुनी शस्त्रक्रिया, वारेचा तुकडा गर्भाशयात राहणं, स्तनात दुधाच्या ग्रंथीच पुरेशा नसणं, अशी कारणं असतात आणि ती शोधावी लागतात. वजन चढत नसेल तर डॉक्टर सांगतील तेवढं वरचं दूध दे, बाळाला उपाशी ठेवून काही सिद्ध करायचं नाही. फक्त वरचं दिलं त्या प्रत्येक वेळी तुझंही दूध काढ. थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं हेही पाजणंच आहे. बाळ सुस्त असेल, प्यायला उठतच नसेल, शू कमी झाली असेल, तर मात्र वजनाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ.

प्रश्न : ३० व्या आठवड्यात प्रसूती झाली. बाळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत आहे, नळीने दूध देतात. मला दोन दिवसांत चमचाभरही चीक निघालेला नाही. एवढ्याशा थेंबांचा उपयोग तरी काय?

उत्तर : तुझ्या बाळाला सध्या थेंबच लागतात. चीक थोडाच असतो आणि घट्ट असतो, त्यात संसर्गाशी लढणारे घटक भरलेले असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा एक गंभीर आजार होऊ शकतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. नळीने देण्याइतका नसेल तरी परिचारिका तो बाळाच्या गालांच्या आतून बोळ्याने लावू शकतात. त्यांना तसं विचार. वाया गेला म्हणून एक थेंबही टाकून देऊ नकोस.

पहिले दिवस पंपापेक्षा हात बरा, कारण घट्ट चीक पंपाच्या भांड्यालाच चिकटून राहतो. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन-अडीच सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या फासळ्यांकडे दाब, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आण, मग सोड. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, दुखतं आणि निघतही नाही. पहिला मिनिटभर काही येत नाही, हात थांबवू नकोस. थेंब दिसला की सुई नसलेल्या १ मिलीच्या सिरिंजने टिपून घे. चोवीस तासांत ८ वेळा तरी काढ, त्यात रात्रीचं एकदा धर, कारण दूध बनवणारं संप्रेरक (हॉर्मोन) प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. दूध वाढायला लागलं की पंपावर ये, दोन्ही बाजू एकदम काढणारा मिळाला तर उत्तम.

आणि बाळाला छातीवर घ्यायला कधी मिळेल हे रोज विचार. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करायला सांगितलं, दिवसातले ८ ते २४ तास. बाळ छातीवर असताना आणि त्यानंतर लगेच दूध जास्त निघतं, तेव्हा पंप जवळ ठेव. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर स्तन थोडा रिकामा करून बाळाला नुसतं चाटू दे, हुंगू दे. तुझं दूध येईपर्यंत दूधपेढीतलं, म्हणजे इतर मातांनी दिलेलं, पाश्चरीकृत दूध मिळत असेल तर ते घ्यायला अजिबात कचरू नकोस.

प्रश्न : एका बाजूला लालसर, दुखरी गाठ आहे, थंडी वाजून ताप आला. जोरात चोळून गाठ मोकळी करू का?

उत्तर : नको. पूर्वी सगळेच शेका, चोळा, पूर्ण रिकामं करा असं सांगत. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये हा सल्ला बदलला. गाठ म्हणजे बाहेरून ढकलून काढता येईल असा बूच नसतो, आतली जागा सुजलेली असते. चोळल्याने सूज वाढते, सारखं पंपाने काढल्याने दूध आणखी बनतं. बाळाला नेहमीसारखं पाज, दोन्हीकडून. मधल्या वेळात थंड पट्टी ठेव. तुला चालत असेल तर आयबुप्रोफेन घे, ते पाजताना चालतं. २४ तासांत उतार पडला नाही किंवा ताप चढत गेला तर डॉक्टरांकडे जा, अँटिबायोटिक लागेल. तेव्हाही पाजणं बंद करायचं नाही.

प्रश्न : सुनेचं दूध पाण्यासारखं पातळ, निळसर दिसतं. त्यात तिला सर्दी-ताप आहे, गोळ्या चालू आहेत, तरी बाळाला घेते. थांबायला सांगू का?

उत्तर : आजी, थांबवू नका. आईचं दूध निळसर दिसतंच. पाजायला घेताना ते पातळ असतं, स्तन रिकामा होत जातो तसा त्यातला स्निग्धांश वाढतो. रंगावरून कस ठरत नाही. सर्दी-तापाचा संसर्ग बाळापर्यंत तिच्या श्वासातून आधीच पोचलेला असतो, आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तिच्या दुधातूनच मिळतात. तिने मास्क लावावा, हात धुवावेत. पॅरासिटामॉल चालतं, बहुतेक अँटिबायोटिक्सही चालतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र नको. कर्करोगावरची औषधं आणि किरणोत्सर्गी उपचार यांत पाजणं थांबवावं लागतं. प्रत्येक औषधाच्या वेळी ‘मी अंगावर पाजते’ हे तिने डॉक्टरांना सांगायचं. तुम्हाला मदत करायची असेल तर दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात बाळ तुम्ही घ्या आणि तिला झोपू द्या. तिला त्याची फार गरज असते.

प्रश्न : आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. तिसऱ्या दिवशी दूध आलं. दवाखान्यातून निघताना याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

उत्तर : हे तुला आधी सांगायला हवं होतं. वार सुटली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक कमी होतं आणि दूध येतं. बाळ आहे की नाही, हे शरीराला त्यातून कळत नाही. छाती घट्ट बांधू नकोस, गाठी होतात. आधार देणारी, न काचणारी ब्रा घाल, थंड पट्ट्या ठेव, दुखण्यावर गोळी घे. फार दाटलं तर हाताने थोडंसं काढ, फक्त बरं वाटेपर्यंत, रिकामं करू नकोस. दूध हळूहळू कमी होत जाईल, पुढे काही आठवडे थेंब-थेंब येऊ शकतं. ते थांबवण्याची औषधं आहेत, पण रक्तदाबाचा किंवा मनाच्या आजाराचा इतिहास असेल तर ती सगळ्यांना चालत नाहीत, डॉक्टरांशी बोलूनच घे. काही जणी हे दूध दूधपेढीला देतात, काहींना ती कल्पनाही सोसत नाही. दोन्ही बरोबर आहे. मला पुन्हा लिहावंसं वाटलं तर जरूर लिही, दुधाबद्दलच असायला हवं असं नाही.

प्रश्न : महिन्याभराने कामावर रुजू व्हायचंय, बाळ पाच महिन्यांचं होईल. नऊ तास बाहेर असेन. किती दूध साठवू?

उत्तर : फ्रीझर भरून ठेवायची गरज नाही. या वयाचं बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं, म्हणजे नऊ तासांना ३०० मिलीच्या आगेमागे. पहिल्या दिवसापुरतं आणि वर थोडं राखीव असलं की झालं. कामावर दर तीन तासांनी काढलेलं दूध दुसऱ्या दिवशी बाळाला. खोलीत २५ अंशांपर्यंत ते ४ तास टिकतं, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिने. बर्फातलं दूध वितळल्यावर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. गरम करायला कोमट पाण्यात ठेवा, मायक्रोवेव्ह नको, त्यात एखादा घोट चटका देईल इतका तापतो. ६०-७० मिलीच्या लहान पिशव्या भर, उरलेलं टाकताना जीव तुटणार नाही. बाटली घेत नसेल तर वाटी-चमच्याने पाजता येतं, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी पाजावं. दिवसा कमी पिऊन बाळ रात्री भरपाई करेल, त्याला घाबरू नकोस. कामाच्या वेळात पाजण्याची किंवा दूध काढण्याची सुट्टी मागायला संकोचू नकोस. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात पाजण्याची ही सुट्टी भरपगारी धरली आहे.

प्रश्न : आम्ही मूल दत्तक घेतोय, दोनेक महिन्यांत घरी येईल. मी कधीच गरोदर राहिले नाही. मला पाजता येईल का?

उत्तर : येऊ शकतं. दूध बनायला स्तन आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी लागते, गर्भाशय लागत नाही. आत्तापासून पंपाने दिवसातून ८ वेळांपर्यंत स्तनांना चालना द्या. सुरुवातीला बरेच आठवडे थेंबही दिसत नाही, त्याने खचू नका. काही जणी संप्रेरकं आणि दूध वाढवणारी औषधं घेतात. त्यांचे हृदयावर आणि रक्तावर परिणाम होऊ शकतात, तेव्हा ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. एक मात्र स्पष्ट सांगते, पूर्ण पोट भरेल इतकं दूध बऱ्याच जणींना येत नाही. त्यासाठी बारीक नळी मिळते. तिचं एक टोक बोंडाजवळ चिकटवायचं, दुसरं फॉर्म्युलाच्या बाटलीत. बाळ तुमच्या छातीशीच पितं, दूध नळीतून येतं आणि चोखण्याने तुमचंही वाढतं. बाळ लहान असेल तितकं ते सहज पकडतं. काही महिन्यांचं असेल तर आधी काही दिवस नुसतं उघड्या छातीवर घेऊन बसा, पाजण्याची घाई करू नका. बालरोगतज्ज्ञांना हे सगळं आत्ताच सांगून ठेवा आणि सुरुवातीला दर आठवड्याला वजन करा, म्हणजे नळीतून किती द्यायचं ते त्यावरून ठरवता येईल.