लंडनच्या 90 रात्री आणि पॅरिसच्या 90 रात्री

प्रश्न : माझी मुलगी लंडनमध्ये आणि मुलगा पॅरिसमध्ये नोकरीनिमित्त राहतो. दोघांची स्वतःची घरे आहेत. आता दोघे मिळून पॅरिसमध्ये आणखी एक लहान फ्लॅट घेण्याच्या विचारात आहेत. लंडनप्रमाणे तिथेही पर्यटकांना वर्षाला 90 रात्री घर भाड्याने देता येते, त्यातून कर्जाच्या हप्त्यांचा मोठा भाग सुटेल, असा त्यांचा हिशेब आहे. दोन्ही शहरांचा नियम खरोखर सारखाच आहे का?

उत्तर : नाही. आकडा तेवढा सारखा आहे, आणि नेमक्या त्या सारखेपणामुळे अनेकांची फसगत होते. व्यवहार होण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार बरे झाले, कारण ज्या फ्लॅटचा आपण उल्लेख केला आहे, त्याला पॅरिसमध्ये या 90 रात्रींचा लाभ मुळातच मिळत नाही.

आधी लंडनचे पाहू. तिथे राहते घर सलग 90 रात्रींपेक्षा कमी मुदतीसाठी तात्पुरत्या मुक्कामाला देणे हा 1973 च्या कायद्यानुसार वापरातील बदल समजला जातो आणि त्यासाठी नगररचना परवानगी लागते. 2015 च्या डीरेग्युलेशन कायद्याने या नियमाला सवलत जोडली. एका कॅलेंडर वर्षात अशा मुक्कामांच्या रात्री एकूण 90 पेक्षा जास्त होत नसतील आणि घर देणारी व्यक्ती त्या घराचा कौन्सिल टॅक्स (स्थानिक प्रशासनाचा घरावरील कर) भरण्यास जबाबदार असेल, तर परवानगीची गरज नाही. मालक त्या घरात स्वतः राहतो की नाही, ते त्याचे पहिले घर आहे की दुसरे, हे हा कायदा विचारत नाही. रात्री मोजल्या जातात त्या घराच्या. त्यामुळे दोन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर जाहिरात देऊन मर्यादा दुप्पट होत नाही.

पॅरिसमधील 90 रात्री मात्र केवळ मुख्य निवासासाठी आहेत, म्हणजे ज्या घरात मालक वर्षातील किमान आठ महिने राहतो, त्या घरासाठी. ही मर्यादा पूर्वी 120 रात्रींची होती. नोव्हेंबर 2024 च्या कायद्याने ती कमी करण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला आणि पॅरिसने 1 जानेवारी 2025 पासून ती 90 वर आणली. आपल्या मुलाला सुट्टीच्या काळात स्वतःचे राहते घर या सवलतीत देता येईल. नवा फ्लॅट मात्र कोणाचेच मुख्य निवास असणार नाही. तो पर्यटकांना एक आठवडा द्यायचा असला, तरी आधी वापरबदलाची परवानगी घ्यावी लागते, आणि पॅरिसमध्ये ती सर्वसाधारणपणे भरपाईच्या अटीवर मिळते. ही भरपाई पैशांत होत नाही. निवासी नसलेली तेवढ्याच क्षेत्रफळाची दुसरी जागा, आणि शहराच्या काही भागांत त्याहून मोठी, निवासी करून द्यावी लागते. एका लहान फ्लॅटच्या मालकाला हे परवडणे जवळजवळ अशक्य आहे आणि तसे ते असावे असाच कायद्याचा हेतू आहे. परवानगीविना घर दिल्यास दिवाणी दंड 1,00,000 युरोंपर्यंत होऊ शकतो. ही परवानगीची पद्धत युरोपीय कायद्याविरुद्ध असल्याची तक्रार युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेली होती. 22 सप्टेंबर 2020 रोजी न्यायालयाने, घरांच्या टंचाईला आळा घालण्यासाठी अशी परवानगी मागता येते, असा निर्वाळा दिला.

दुसरा फरक रात्री मोजतो कोण, हा आहे, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. पॅरिसमध्ये डिसेंबर 2017 पासून प्रत्येक जाहिरातीवर नगरपालिकेचा नोंदणी क्रमांक लागतो. संकेतस्थळांनाही यातून सूट नाही: विनाक्रमांक जाहिराती ठेवल्याबद्दल जुलै 2021 मध्ये एअरबीएनबी या घरे भाड्याने देण्याच्या संकेतस्थळाला 80 लाख युरोंहून अधिक दंड झाला. लंडनच्या 2015 च्या सवलतीत मात्र नोंदणीची अट घातलेली नाही. एअरबीएनबीने 2017 पासून पूर्ण घरांच्या जाहिराती 90 रात्रींनंतर आपणहून बंद करण्यास सुरुवात केली; पण तेच घर दुसरीकडे किती रात्री दिले गेले, हे शोधून सिद्ध करण्याचे ओझे लंडनच्या 32 बरोंवर (स्थानिक प्रशासनांवर) आणि सिटी ऑफ लंडन या मध्यवर्ती भागाच्या प्रशासनावर पडते. इंग्लंडमध्ये नोंदणी योजना आणण्याची तरतूद 2023 च्या कायद्यात आहे. ती आधी हवी होती, असे मला मनापासून वाटते. मोजण्याची सोय न करता ठरवलेली मर्यादा नियम पाळणाऱ्यालाच तेवढी बांधते.

यावरून लंडनमध्ये सारेच मोकळे आहे असे मात्र समजू नये. तिथले बरेचसे फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे जमीनमालकाकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेले, असतात आणि घराचा वापर फक्त खाजगी निवासासाठी करावा, असे कलम अनेक करारांत असते. दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या मुक्कामासाठी फ्लॅट दिल्याने अशा कलमाचा भंग होतो, असा निर्णय वरिष्ठ न्यायाधिकरणाने 2016 मध्ये दिला आहे. मुलीचा फ्लॅट लीजहोल्ड असल्यास तिने 90 रात्रींचा विचार करण्याआधी करारनामा वाचावा. पॅरिसमध्येही इमारतीतील सहमालकांचे नियम तपासणे आवश्यक आहे.

फ्लॅट घ्यायचाच असेल, तर हप्त्यांचा हिशेब पर्यटकांवर न बांधता दीर्घ भाडेकरारावर बांधावा. फ्रान्समध्ये 2018 पासून एक ते दहा महिन्यांचा ‘बाय मोबिलिते’ हा सुसज्ज घरासाठीचा करार उपलब्ध आहे. तो विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी किंवा तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या व्यक्तीशी करता येतो आणि त्यासाठी वापरबदलाची परवानगी लागत नाही. अनामत रक्कम मात्र घेता येत नाही.

प्रश्न : मी पॅरिसमध्ये भाड्याने राहते. सुट्टीत घर रिकामे असताना मला ते पर्यटकांना देता येईल का?

उत्तर : घरमालकाची लेखी संमती असेल तरच, आणि आपण स्वतः जेवढे भाडे भरता, त्याहून अधिक दराने देता येणार नाही. संमती न घेता पोटभाड्याने दिल्यास मिळालेले उत्पन्न घरमालकाचे ठरते, असा निर्णय फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 12 सप्टेंबर 2019 रोजी दिला आहे. संमती मिळाल्यावरही नोंदणी क्रमांक आणि 90 रात्रींची मर्यादा आपल्याला लागू राहील.