मावसभाऊ जाऊन दोन वर्षं झाली, तरी मावशी त्याचा फोन रिचार्ज करते, वाढदिवसाला खीर करते. तिला यातून बाहेर कसं काढावं?

बाहेर काढू नका. एवढंच लिहून थांबणार होते, पण तुम्ही काळजीपोटी विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी धाकटी 2015 साली डेंग्यूने गेली. 17 वर्षांची होती, बारावीला. तिचं नाव इथे लिहीत नाही, अनोळखी लोकांत टाकवत नाही.

आधी फोनचं. फुकट पैसे कशाला घालवतेस, असं मलाही सगळे म्हणाले आणि मी चार महिन्यांनी रिचार्ज बंद केला. 90 दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो, हे तेव्हा आमच्यात कोणाला माहीत होतं? एका संध्याकाळी व्हॉट्सअॅप उघडलं तर तिच्या नावासमोर बुलेटवर बसलेला, गॉगल लावलेला कुणी मुलगा. त्या बिचाऱ्याची काय चूक म्हणा. गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं तरी मी ओट्याशी तशीच उभी होते.

तेव्हा मावशीला रिचार्ज करू द्या. तुमच्याकडून मदत करायचीच असेल तर ही करा: त्या फोनमधले त्याच्या आवाजातले मेसेज, फोटो पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. व्हॉट्सअॅप 120 दिवस वापरलंच नाही तर खातं सहसा काढून टाकतात, त्यामुळे हे काम लांबवू नका. माझ्याकडे लेकीचा एकच मेसेज उरलाय, 11 सेकंदांचा. "आई, येताना कोथिंबीर नको आणू, बाबांनी आणलीय." बस.

आता खिरीचं. आपल्याकडे गेलेल्या माणसाची तिथी करतात. जयंती करायची ती मोठ्या माणसांची. लेकराचा वाढदिवस मात्र सगळ्यांनी मुकाट्याने विसरायचा, आणि आईनेही. का? नऊ महिने पोटात वागवून जन्म दिल्याचा दिवस आहे तो. तिथीला आमच्याकडे पान वाढतात, कावळ्याची वाट बघतात, मी गप्प बसते. वाढदिवसाला मात्र तिच्या आवडीची मिसळ करते, तर्री जाळ करणारी. सासूबाईंना पहिली दोन वर्षं हे चमत्कारिक वाटायचं. तिसऱ्या वर्षी त्यांनी आपणहून मटकी भिजत घातली.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते रेशनकार्डाचं. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्यायचा आणि "नाव कमी करणे" असं लिहायचं. कारकून चांगला होता, त्याने उभं राहून कार्ड घेतलं. पण पट्टी लावून त्याने तिच्या नावावर लाल रेघ ओढली, आणि दहाव्याला न रडलेली मी त्या खिडकीशी रडले. त्यानंतर लक्षात आलं, की कचेरीबाहेरही हेच चाललंय. नातेवाईक तिचं नाव टाळायचे. लग्नात कोणी विचारलं, "मुलं किती?", की शेजारची बाई घाईघाईने विषय बदलायची. मी "दोन" सांगते. थोरला नोकरीला आहे, धाकटी नाही आता. समोरचा गडबडतो, गडबडू दे.

म्हणून तिच्या शाळेत ठेव ठेवली. आपल्या मराठी शाळांत कै. अमुक यांच्या स्मरणार्थ पारितोषिकं असतात ना, तसलीच. ते बहुतेक पहिल्या येणाऱ्याला असतात. आमचं रत्न दहावीला 71 टक्के! ती स्नेहसंमेलनात पडदा ओढायची, खुर्च्या लावायची, नाचणाऱ्या पोरींच्या पिना शोधून द्यायची. बक्षीस पडद्यामागे राबणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या, असं मी म्हटलं तर मुख्याध्यापक म्हणाले, "याला गुण कसे द्यायचे?" शेवटी शिपाईमामा आणि चित्रकलेचे सर मिळून नाव ठरवतात. 25,000 ठेवले तेव्हा साडेआठ टक्क्यांनी वर्षाला 2,125 मिळायचे. पुढे दर घसरत साडेपाचच्या आत आला आणि बक्षीस 1,350 वर. मग मी भिशीचे 10,000 त्यात घातले.

अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठही असंच एका मुलाच्या नावाचं आहे. लेलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर 1884 साली फ्लॉरेन्समध्ये टायफॉइडने गेला, 15 वर्षांचा. आईवडिलांनी विद्यापीठ काढलं, 1891 साली ते सुरू झालं. दोन वर्षांत वडील वारले, इस्टेट कोर्टकज्ज्यात अडकली, तेव्हा त्या आईने, जेन स्टॅनफर्डने, स्वतःच्या घरखर्चाच्या पैशातून ते चालवलं. दागिने विकायला लंडनलाही गेली होती. माझी भिशी वाचून हसू नका, जात एकच आहे.

पण मावशीवर "त्याच्या नावाने काहीतरी कर" असं दडपण आणू नका. तिला खीर पुरत असेल तर खीर पुरे.

काळजी कधी करायची, तेही सांगते. जेवण-झोप सुटली, अंघोळीचंही भान नाही, "मला त्याच्याकडे जायचंय" असं बोलायला लागली, तर एक दिवसही थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी स्वतः वर्षभर गोळ्या घेतल्यात, त्यात लाज कसली.

एरवी वाढदिवसाला तिच्याकडे जा. खीर खा, दुसरी वाटी मागा. त्याच्याविषयी विचारा, आणि नुसते गुण नकोत: चिडायचा कसा, शाळेला दांडी कशी मारायचा, तेही. "किती गुणी होता हो" ऐकून ऐकून आम्हा आयांना कंटाळा आलेला असतो.

यंदा बक्षीस मिळालेला नववीतला मुलगा नंतर माझ्याकडे आला. "ताई कशा होत्या?" असं विचारलं त्याने. मी त्याला सांगितलं, एका वर्षी पाहुण्यांचं भाषण चाळीस मिनिटं झालं तरी संपेना, तेव्हा तिने सरळ पडदा पाडला होता. नंतर म्हणाली, दोरी निसटली.