मीन रास, शनी-नेपच्यून युती आणि 2026: कर्ज काढून धंदा सुरू करू का, की 2030 पर्यंत थांबू?

तुमची मीन रास, साडेसातीचा, म्हणजे शनी आपल्या मागच्या, आपल्या आणि पुढच्या राशीत असतो त्या साडेसात वर्षांचा, मधला टप्पा चालू, त्यात 20 फेब्रुवारी 2026 ला शनी-नेपच्यून युती, म्हणजे दोन ग्रह एकाच जागी येणं, आणि घरचे म्हणतायत मसाला कांडपाचं मशीन साडेसाती संपल्यावरच घे. म्हणजे 2030. चार वर्षं हातावर हात ठेवून बसायचं? तुमचा हा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय.

माझी मकर रास. 26 जानेवारी 2017 ला शनी धनूत आला आणि माझी साडेसाती लागली. मला तेव्हा पिठाची गिरणी घालायची होती, गल्लीत एकही नव्हती, बायका डबे घेऊन पार स्टँडपर्यंत जायच्या. गिरणी, मोटर, थ्री फेजचं कनेक्शन सगळं धरून एक लाख वीस हजार लागत होते. पतसंस्थेला दोन जामीनदार पाहिजे होते, एक माझा भाऊ झाला आणि दुसरे मोठे दीर होणार होते, ते आदल्या दिवशी नाही म्हणाले. कारण काय, तर शनीचा धातू लोखंड, साडेसातीत एवढं लोखंड दारात आणायचं नाही. त्यात मोटर साडेसात एचपीची निघाली, जाऊबाई म्हणाल्या बघा, आकडासुद्धा तोच आला. मिस्टर गप्प. मी रात्रभर झोपले नाही.

माझे वडील गावात पंचांग सांगायचे, पत्रिका बघायचे, पैसे घेत नसत. सकाळी त्यांना फोन केला. ते म्हणाले शनी कष्टाचा कारक आहे, लोखंड त्याचं, मजूर त्याचे, तेल त्याचं, तू त्याचंच काम करायला निघालीस तर तो कशाला आडवा येईल, दशा, म्हणजे पत्रिकेप्रमाणे चालू असलेला ग्रहाचा काळ, मी बघितली आहे, घे. मी पाटल्या गहाण टाकल्या आणि 2018 च्या दसऱ्याला गिरणीची पूजा केली. दीर आले नाहीत.

सोपं नव्हतं, तेही सांगते. पहिल्या वर्षी दगड जास्त आवळला जायचा, पीठ गरम यायचं आणि पोळ्या वातड व्हायच्या, गिऱ्हाइकं तोंडावर सांगायची. दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने खाचा पाडायला, माणूस वेळेवर येईना म्हणून मी स्वतः शिकले, बोटांना कपच्या लागून लागून घट्टे पडले. पण हप्ता एकही चुकला नाही. लॉकडाऊनमध्ये सकाळचे ठराविक तास गिरणी चालायची, लांब लांब अंतर ठेवून डब्यांची रांग लागायची. तेव्हा शनी माझ्याच राशीत होता बरं का, 24 जानेवारी 2020 पासून. त्याच वर्षी 21 डिसेंबरला गुरु-शनी एवढे जवळ आले की डोळ्यांना जवळजवळ एकच तारा दिसत होता. वडील तेव्हा माझ्याकडे होते, संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून पश्चिमेला बघत बसले आणि म्हणाले आयुष्यभर पंचांगात लिहिलेलं वाचलं, आज बघितलं. 2021 च्या दिवाळीत कर्ज फिटलं. पाटल्या त्याआधीच सोडवल्या होत्या.

वडील मात्र 2021 च्या मे महिन्यात गेले, ती दिवाळी त्यांनी बघितली नाही. दीर दिवसकार्याला आले आणि चार माणसांत म्हणाले, मी सांगितलं होतं. ते मी विसरलेले नाही. दिरांची रास वृषभ, त्यांना तेव्हा साडेसाती नाही की शनीची अडीच वर्षांची अडीचकी नाही, आणि तरी त्यांचं कापडाचं दुकान त्याच वर्षी बंद पडलं. मग ते कुणामुळे? मी त्यांना कधी विचारलं नाही, पण विचारायला पाहिजे होतं.

आता तुमचं. शनी-नेपच्यून युतीला घाबरून जाऊ नका, ती साधारण छत्तीस वर्षांनी होतेच, याआधी 1989 मध्ये झाली होती. तुम्ही म्हणता एका व्हिडिओत मेष रास सांगितली आणि दुसऱ्यात मीन, तर दोन्ही बरोबर आहेत. सायन पद्धतीने, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलं तर, मेषेचा पहिलाच अंश, ताऱ्यांवरून मोजणाऱ्या निरयनमध्ये अयनांश, म्हणजे दोन्हींतला फरक, चोवीसच्या थोडे वर वजा केले की मीनेचे साडेसहाच्या आसपास, उत्तराभाद्रपदा नक्षत्र. आपलं पंचांग निरयन, तेव्हा तुमच्याच राशीत धरा. पण नेपच्यूनला एक फेरी मारायला 165 वर्षं लागतात, एका राशीत तो तेरा-चौदा वर्षं असतो. 1846 ला सापडलेला ग्रह, जुन्या ग्रंथांत त्याचं फळच नाही. हर्षल (युरेनस), नेपच्यून, प्लुटोवरून एका माणसाचं एक वर्ष सांगतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. नुसत्या राशीवर सांगणाऱ्यावर तर त्याहून नाही, बारा राशी म्हणजे राज्यातला दर बारावा माणूस मीनेचा, सगळ्यांचे धंदे बुडणार आहेत का?

उलट तुम्हाला गुरुबद्दल कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुमचा राशीस्वामी गुरु 2 जून 2026 ला कर्केत येतोय, उच्चीचा म्हणजे सगळ्यात बलवान, तुमच्यापासून पाचवा, आणि त्याची नववी दृष्टी थेट मीनेवर, म्हणजे तिथल्या शनीवरसुद्धा. 31 ऑक्टोबरला तो सिंहेत जातो, त्याच दिवशी नाशिकला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. सिंह तुम्हाला सहावी, सहावं स्थान ऋणाचं. म्हणून मी तुमच्या जागी असते तर कर्जाचं काम जून ते ऑक्टोबरमध्येच उरकलं असतं. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, तेवढा सोडून मुहूर्त बघा म्हणजे घरच्यांना बोलायला जागा राहणार नाही. आणि गुढीपाडव्यापासूनच्या संवत्सराचं नाव पराभव आहे, त्यावरूनही कुणीतरी बोलेलच, ते साठ वर्षांच्या चक्रातलं नाव आहे, तुमच्यासाठी ठेवलेलं नाही.

हे सगळं गोचर, म्हणजे ग्रहांचं सध्याचं फिरणं, झालं. मी काही व्यवसायाने ज्योतिषी नाही, वडिलांकडून जेवढं कानावर पडलं तेवढंच. लग्न, म्हणजे जन्मवेळेला उगवणारी रास, आणि महादशा बघितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणं चूक आहे आणि तुम्ही दोन्ही दिलेलं नाही. दशा खरंच बिकट असेल तर मोठं कर्ज नको. राहतं घर तारण ठेवू नका, दशा चांगली असली तरी. सोनं ठेवलं तर चालतं, ते सोडवता येतं.

आणि तुमचे मोठे भाऊ जामीन राहायला तयार नसतील तर त्यांना शनीचं कारण पुढे करू देऊ नका. पैशाची भीती वाटत असेल तर सरळ तसं म्हणावं, त्यात काही कमीपणा नाही. आमच्या दिरांनी तेवढं म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. आता त्यांच्या घरचं दळण माझ्याकडेच येतं, शनिवारीसुद्धा, मी घेते.

जन्मवेळ आणि गाव लिहा, दशा बघून सांगते. शिवाय कांडपाला मोटर किती एचपीची घेताय आणि मीटर घरगुती आहे की व्यापारी तेही सांगा, तिथे लोक फसतात.